लस घेतली तरी सर्दी झालीच, मग ती टोचायची कशाला?

"गेल्या वर्षी फ्लूची लस टोचून घेतली आणि पंधराच दिवसांत सर्दीने बेजार झालो. आता पुन्हा त्या वाटेला जाणार नाही!" साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसांकडे हा विषय काढला की हे वाक्य हमखास येतं. त्यात खोटं काही नसतं. सुई टोचली हे खरं, सर्दी झाली हेही खरं. चूक होते ती या दोन गोष्टींची गाठ बांधताना. ती लस सर्दीची नव्हतीच.

सर्दी, पडसं, 'व्हायरल', फ्लू हे सगळे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण नाक वाहायला लावणारे विषाणू थोडेथोडके नाहीत. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, बाकीची घराणी वेगळीच. फ्लूची लस यांतल्या एकाच घराण्यावर चालते, इन्फ्लुएन्झावर. आणि हा इन्फ्लुएन्झा पडशासारखा हळूहळू चढत नाही. धडधाकट तरुणाला तो झाला तर सकाळी हसत कामावर गेलेला माणूस संध्याकाळी अंगात कणकण, डोकं ठणकतंय, अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय अशा अवस्थेत घरी येतो आणि पुढचे चार-पाच दिवस अंथरूण सोडत नाही.

तोच आजार ऐंशीच्या माणसाला झाला तर? इथे खरी गोम आहे. अनेकदा ताप चढतच नाही, किंवा इतका थोडा असतो की कोणाच्या लक्षात येत नाही. ताप हे शरीराने लढायला घेतल्याचं लक्षण आहे आणि वय झालेलं शरीर तेवढ्या त्वेषाने लढायला उठत नाही. मग फ्लू वेगळ्याच वेषात समोर येतो. आजी दोन दिवस जेवत नाहीत. आजोबा रात्री उठून असंबद्ध बोलतात, किंवा न्हाणीघरात तोल जाऊन पडतात. घरचे म्हणतात, वयच झालं आता. मागे फ्लू होता हे कोणालाच कळत नाही, कारण कोणी तपासलेलंच नसतं. पुढे न्यूमोनिया झाला किंवा हृदय थकलं तर कागदावर तेच नाव लागतं.

म्हणून फ्लूने नेमकी किती माणसं जातात हे मोजणं अवघड आहे. अंदाजच बांधावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, ३० ते ५० लाख जणांना तो गंभीर होतो आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. यात वयाचा वाटा किती? अमेरिकेतल्या अलीकडच्या वर्षांच्या अंदाजांनुसार तिथल्या फ्लूच्या मृत्यूंपैकी ७० ते ८५ टक्के मृत्यू ६५ वर्षांवरच्या माणसांचे असतात.

मरणाचे आकडे भीती घालतात, पण माझ्या मते ज्येष्ठांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: चालतंफिरतं राहणं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही, नुसती पडून विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो स्नायू झिजले. आता यात ताप, खोकला, खाल्लेलं न पचणं आणि रुग्णालयातल्या अर्धवट झोपेच्या रात्री मिळवा. तिशीतला माणूस झिजलेले स्नायू महिन्याभरात भरून काढतो. ऐंशीचा माणूस पुष्कळदा काढत नाही. तोवर एकटा बाजारात जाणारा माणूस त्यानंतर काठी घेतो, जिना टाळतो, मग घराबाहेर पडायचाच थांबतो. फ्लू बरा झालेला असतो. माणूस मात्र पूर्वीच्या जागी परत आलेला नसतो.

दुसरी गोष्ट हृदयाची. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदी तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे ६ पट असते. फ्लूचा विषाणू फुफ्फुसांत असतो, मग झटका हृदयाला का? कारण संसर्गाशी लढताना सगळ्या शरीरात दाह पेटतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, नाडी वाढते आणि फुफ्फुसं सुजल्यामुळे रक्तात प्राणवायू कमी पडतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो. ज्यांच्या वाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांच्यासाठी फ्लूचा आठवडा हृदयाचाही कसोटीचा आठवडा असतो. २०२१ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मुख्यतः नुकताच झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लूची लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काही घडलेले रुग्ण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ७.२ टक्के. फ्लूची लस ही छातीच्या डॉक्टरांइतकीच हृदयाच्या डॉक्टरांचीही लस आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

दरवर्षी नवी लस कशासाठी?

गोवराची लस लहानपणी घेतली की आयुष्याची निश्चिंती. फ्लूची मात्र दरसाल. यावर "औषध कंपन्यांचा धंदा" असं उत्तर तयारच असतं. पण दोष विषाणूच्या स्वभावात आहे.

फ्लूच्या विषाणूच्या गोळ्यावर दोन प्रकारच्या खुंट्या उभ्या असतात. एक हिमॅग्लुटिनिन, हिच्या आधाराने तो आपल्या घशातल्या-फुफ्फुसातल्या पेशीला चिकटून आत शिरतो. दुसरी न्यूरामिनिडेज, ती नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून कापून मोकळं करते. एच१एन१, एच३एन२ ही नावं याच खुंट्यांच्या आद्याक्षरांवरून आणि प्रकारांच्या क्रमांकावरून पडली आहेत. आपलं शरीर विषाणूला ओळखतं ते मुख्यतः एच या खुंटीच्या टोकावरून. लस घेतल्यावर तयार होणारी प्रतिपिंडं तिथेच जाऊन बसतात, म्हणजे मग खुंटी पेशीला चिकटू शकत नाही.

अडचण अशी, की या विषाणूची जनुकं आरएनएची असतात आणि त्यांची नक्कल करणाऱ्या यंत्रणेत मुद्रितशोधक नाही. प्रत तपासायला कोणी नसलेल्या छापखान्यातून जसं दर आवृत्तीत नव्या चुका घेऊन पुस्तक बाहेर पडावं तसं इथे होतं. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादी चूक मात्र खुंटीच्या टोकाचा आकार जरासा बदलते आणि गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना ती खुंटी ओळखू येईनाशी होते. अशा किरकोळ बदलांची बेरीज वर्षा-दोन वर्षांत इतकी होते की जुनी लस तोकडी पडते. गोवराच्या विषाणूतही चुका होतात, पण त्याच्या खुंट्यांचे महत्त्वाचे भाग बदलले तर तो पेशीत शिरूच शकत नाही. त्यामुळे त्याला रूप बदलणं परवडत नाही, फ्लूला परवडतं.

याशिवाय फ्लूच्या जनुकांचे ८ सुटे तुकडे असतात. माणसाचा आणि पक्ष्याचा असे दोन विषाणू एकाच डुकराच्या पेशीत एकत्र आले, तर पत्त्यांचे दोन संच मिसळून पिसल्यासारखे हे तुकडे मिसळतात आणि जगाने कधी न पाहिलेला विषाणू बाहेर पडू शकतो. १९५७, १९६८ आणि २००९ सालच्या जागतिक साथी तुकड्यांच्या अशाच सरमिसळीतून आलेल्या विषाणूंच्या होत्या. पण त्या क्वचितच्या. दरवर्षीची लस आहे ती रोजच्या छोट्या चुकांसाठी.

या चुकांवर पाळत ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं आहे. आज शंभराहून जास्त देशांतून नमुने येतात आणि वर्षातून दोनदा तज्ज्ञ बसून लशीत विषाणूचे कोणते वाण, म्हणजे नेमकी कोणती रूपं, घालायची ते ठरवतात: उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. निवडलेल्या प्रत्येक वाणाला एखाद्या पोस्टाच्या पत्त्यासारखं नाव असतं. २०२४-२५ साली उत्तर गोलार्धासाठी अंड्यात वाढवलेल्या लशीतला एच३एन२ चा वाण होता 'ए/थायलंड/८/२०२२'. म्हणजे ए प्रकारचा (माणसांत हंगामी फ्लू आणणारे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत), थायलंडमध्ये सापडलेला, त्या प्रयोगशाळेचा ८ क्रमांकाचा, २०२२ सालचा नमुना. निवडीनंतर लस बनवून कुप्यांत भरायला सहा-एक महिने जातात. एवढ्या मुदतीत विषाणू स्वस्थ बसलेला नसतो. फेब्रुवारीतला निर्णय म्हणजे येणाऱ्या हिवाळ्याचा अंदाज असतो, आणि अंदाज कधी कधी चुकतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ ने ऐन वेळी रूप बदललं आणि लशीची परिणामकारकता सगळ्या वयोगटांत मिळून जेमतेम १९ टक्क्यांवर आली.

जाता जाता एक गंमत. बी प्रकाराचा यामागाता नावाचा एक वंश मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे कुठेच सापडलेला नाही. कोविडच्या काळात माणसांनी एकमेकांपासून अंतर राखलं, त्यात तो वंश बहुधा बुडालाच. २०२३ च्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून काढायला सांगितलं. खोक्यावर पूर्वी 'चार वाणांची' लिहिलेलं असायचं आणि आता 'तीन वाणांची' दिसतं, ते यामुळे. कोणी तुम्हाला कमी माल देत नाहीये.

ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती कमी लागू पडते

लस म्हणजे शरीराला दाखवलेलं चित्र. ते बघून शिकायचं काम शरीरानेच करायचं असतं. आणि वयाप्रमाणे शिकणं जड जातं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी या संरक्षक पेशींची ती शाळा. वयात आल्यानंतर ही शाळा हळूहळू आक्रसत जाते आणि साठीनंतर तिथे बहुतेक चरबीच उरते. नवे विद्यार्थी जवळपास येतच नाहीत. शरीरात पेशी नसतात असं नाही, भरपूर असतात, पण त्या जुन्या आजारांच्या आठवणींनी भरलेल्या वह्या. कोऱ्या वह्या थोड्या उरतात. नव्या विषाणूचं चित्र उतरवून घ्यायला कोरं पान लागतं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना टी पेशींची मदत लागते, त्यामुळे तिथलंही उत्पादन घटतं.

त्यात पहिल्या भेटीचा प्रभाव असतो. लहानपणी ज्या प्रकारच्या फ्लूशी आपली पहिली गाठ पडली त्याची ओळख शरीर जन्मभर घट्ट धरून ठेवतं. थॉमस फ्रान्सिस या शास्त्रज्ञाने हे निरीक्षण १९६० मध्ये मांडलं. एच३एन२ माणसांत आला १९६८ साली. त्याआधी जन्मलेल्या माणसांची पहिली ओळख वेगळ्याच प्रकाराशी झालेली असते, आणि एच३एन२ चा जोर असलेला हंगाम ज्येष्ठांना जास्त जड जातो त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. उलट २००९ च्या नव्या एच१एन१ साथीत अनेक म्हाताऱ्यांकडे त्याच्याशी मिळतीजुळती जुनी प्रतिपिंडं सापडली. त्या वेळी हाल झाले ते तरुणांचे.

यावर तोडगा म्हणून ज्येष्ठांसाठी खास जोरदार लशी बनवल्या गेल्या. विचार साधा आहे. विद्यार्थ्याला ऐकू कमी येत असेल तर शिक्षकाने आवाज चढवायचा. नेहमीच्या लशीत प्रत्येक वाणाचं हिमॅग्लुटिनिन १५ मायक्रोग्रॅम असतं. जास्त मात्रेच्या लशीत ते ६० असतं, म्हणजे चौपट. दुसऱ्या प्रकारात मात्रा नेहमीचीच ठेवून स्क्वालीन या तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळतात. ते टोचलेल्या जागी संरक्षक पेशींना गोळा करतात. तिसऱ्या प्रकारात अंडं लागतच नाही. कीटकांच्या पेशींत हिमॅग्लुटिनिन थेट बनवून घेतात आणि प्रत्येक वाणाचं ४५ मायक्रोग्रॅम भरतात. याचा एक आडफायदा आहे. अंड्यात वाढताना विषाणू कोंबडीच्या पेशींना जुळवून घेतो आणि त्या नादात खुंटी थोडी बदलते. मग लशीतलं चित्र आणि बाहेर फिरणारा विषाणू यांत फरक पडतो. एच३एन२ च्या बाबतीत हे जास्त घडतं. अंडं नाही तर हा घोटाळा नाही.

जास्त मात्रेचा उपयोग किती? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ वर्षांवरच्या सुमारे ३२ हजार जणांच्या चाचणीत नेहमीची लस घेतलेल्यांपैकी १.९ टक्के लोकांना फ्लू झाला आणि जास्त मात्रेची घेतलेल्यांपैकी १.४ टक्के. म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. मग डेन्मार्कमध्ये तीन लाखांहून जास्त ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. न्यूमोनिया किंवा फ्लू म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्यांची एकत्र गणती केली तेव्हा दोन्ही लशींत ठळक फरक दिसला नाही. तपासणीत फ्लूच सिद्ध झालेले रुग्ण वेगळे काढले तर जास्त मात्रेच्या बाजूला ते बरेच कमी होते. न्यूमोनियाची कारणं अनेक, त्यामुळे हा निकाल अगदीच अनपेक्षित नाही. यातून मी काढतो तो अर्थ असा: जोरदार लस मिळत असेल तर ती घ्यावी, ६५ च्या पुढे ती जास्त बरी. पण ती नाही म्हणून साधी लसही न घेता बसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

'४० टक्के' म्हणजे काय?

विषाणू आणि लस यांचं बरं जुळलेल्या वर्षी फ्लूची लस डॉक्टरकडे जावं लागण्याइतक्या आजाराची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. ज्येष्ठांत आकडा पुष्कळदा याच्या खाली असतो. हे वाचून लोक म्हणतात, "म्हणजे शंभरातल्या साठ जणांना काहीच उपयोग नाही!" नाही, हिशोब तसा नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लस न घेतलेले १००० ज्येष्ठ आहेत आणि हंगामात त्यांतल्या ५० जणांना फ्लू झाला. तसेच दुसरे १००० लस घेतलेले आहेत. लस ४० टक्के परिणामकारक असेल तर यांच्यात ५० ऐवजी ३० जण आजारी पडतील. २० जण वाचले. उरलेल्या ९५० जणांना लस न घेताही फ्लू होणार नव्हता, पण आपण त्या ९५० मध्ये आहोत की त्या ५० मध्ये, हे आधी कळायची सोय नाही.

आता यातली मजा बघा. ज्या ३० जणांना लस घेऊनही फ्लू झाला ते तावातावाने सांगत फिरतात. जे २० वाचले त्यांना आपण वाचलो हे कधीच कळत नाही. त्यांच्या दृष्टीने त्या हंगामात काही घडलेलंच नसतं. लशीविरुद्ध साक्षीदार नेहमी हजर असतात, तिच्या बाजूचे कधीच येत नाहीत. बांधावर पाणी अडलं की शेतकऱ्याला ते दिसतं तरी. इथे तेवढीही सोय नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. 'लस घेतलेल्या ज्येष्ठांत मृत्यू निम्म्यावर' अशी दणदणीत विधानं पूर्वीच्या काही अभ्यासांतून आली होती. नंतर संशोधकांनी त्याच प्रकारच्या नोंदी खोलवर तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्या मंडळींचे मृत्यू फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच्या महिन्यांतही कमी निघाले. तेव्हा तर फ्लू फिरतच नव्हता. म्हणजे काय? जी माणसं चालत जाऊन लस घेऊ शकतात ती मुळातच जरा धडधाकट असतात. जी शेवटच्या आजारात पडून आहेत त्यांना कोणी लशीला नेत नाही. तो फरक लशीच्या खात्यावर जमा झाला होता. हा दोष बाजूला काढल्यावर उरणारा फायदा लहान आहे, पण खरा आहे. शिवाय लस घेऊनही फ्लू झालाच तर तो अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या लेखी ज्येष्ठांसाठी लशीचं माप तेच असावं. नाक वाहिलं का, हे विचारायचंच नाही. हंगाम संपल्यावर स्वतःच्या पायांनी जिना चढता येतोय का, ते बघायचं.

लशीनेच फ्लू होतो का?

दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. मारून तुकडे केलेला विषाणू किंवा नुसतं हिमॅग्लुटिनिन असतं, आणि ते वाढू शकत नाही. दंड दुखणं, थोडी अंगदुखी, एखाद-दुसरा दिवस मरगळ किंवा बारीक ताप हे शरीर धडा गिरवत असल्याचं लक्षण आहे. जोरदार लशींनी दंड जरा जास्त दुखतो. संरक्षण उभं राहायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत बाहेरचा खरा फ्लू गाठू शकतो आणि मग दोष सुईवर येतो. नाकात फवारायची जी लस आहे तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. ती ज्येष्ठांसाठी नाहीच. अमेरिकेत ती ४९ वर्षांपर्यंतच देतात.

गिलां-बारे सिंड्रोमची भीती निराधार नाही, पण ती प्रमाणात ठेवावी लागते. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूसाठी दिलेल्या लशीनंतर दर लाखामागे सुमारे १ रुग्ण जास्त आढळला आणि ती मोहीमच थांबवली गेली. त्यानंतरच्या हंगामी लशींत हे प्रमाण फार तर दर दहा लाख डोसांमागे १-२ असं धरलं जातं. खुद्द फ्लू झाल्यानंतरही हा आजार होऊ शकतो. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत कोणाला तो झाला असेल तर मात्र पुढची लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना पूर्वी लांब ठेवायचे. आता बऱ्याच तज्ज्ञ समित्यांच्या मते त्यासाठी वेगळी खबरदारी लागत नाही. आधीच्या फ्लूच्या लशीने घसा सुजणं, दम कोंडणं असं काही गंभीर झालं असेल तर गोष्ट निराळी, ते आधी सांगायचंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी लस घेता येते, फक्त तसं सांगावं म्हणजे बारीक सुई वापरून नंतर जागा काही मिनिटं दाबून धरतात. अंगात चांगलाच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावं; नुसत्या पडशासाठी थांबायची गरज नाही.

वेळ कधीची? समशीतोष्ण प्रदेशांत फ्लू हिवाळ्यात येतो. म्हणून उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात एप्रिल-मे ही टोचण्याची वेळ. विषुववृत्ताच्या जवळ गणित बिघडतं. तिथे पावसाच्या महिन्यांत तो उसळतो, काही ठिकाणी वर्षातून दोनदा, काही ठिकाणी वर्षभर रेंगाळतो. आपल्या भागात तो कधी वाढतो हे स्थानिक डॉक्टरांना माहीत असतं. त्याच्या महिनाभर आधी लस झालेली बरी. फार आधीही नको, कारण ज्येष्ठांत संरक्षण महिन्यागणिक ओसरतं आणि हंगामाच्या शेवटी उणं पडू शकतं. उशीर झाला म्हणून सोडून मात्र देऊ नये. साथ चालू असेपर्यंत घेतलेली लस वाया जात नाही. न्यूमोकोकस जंतूची लस बाकी असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. फ्लूने खरवडलेल्या फुफ्फुसांत पुढे न्यूमोनिया करणारा हा नेहमीचा जंतू आहे.

ज्येष्ठांचं संरक्षण त्यांच्या दंडापुरतं नसतं, हे जपानच्या अनुभवातून दिसतं. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जायची, पुढे ती सक्तीची झाली. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. मुलांचं लसीकरण चालू असताना हिवाळ्यातले जास्तीचे मृत्यू घटले होते आणि थांबल्यावर पुन्हा वाढले; त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. या आकड्यांचा अर्थ लावण्यावर नंतर वादही झाले, तरी मुलं घरात फ्लू आणतात याबद्दल दुमत नाही. लशीला जिचं शरीर धड दाद देत नाही अशी नव्वदीची आजी घरात असेल, तर नातवंडांनी आणि तिची शुश्रूषा करणाऱ्यांनी लस घेणं तिला तिच्या स्वतःच्या लशीइतकंच उपयोगी पडू शकतं.

आणि लस घेतलेली असूनही हंगामात एखाद्या ज्येष्ठाचं अचानक बिनसलं, खोकला, दम, एकाएकी गळून जाणं, जेवण सुटणं, बोलण्यात घोळ, तर तापाची वाट बघू नका. फ्लूविरुद्ध ओसेल्टामिविरसारखी औषधं आहेत. ती आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतली तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. त्या देऊन दोन दिवस बघू म्हणण्यात नेमके हेच ४८ तास निघून जातात. डॉक्टरांना फोन केला तर लस कधी घेतली ती तारीख जरूर सांगा, आणि ते विचारोत न विचारोत, "हा फ्लू असू शकतो का?" हे आपण होऊन विचारा.